माळवदाखालची रात्र

मागचे काही भाग आपण लढायांवर बोललो. आजच्या गोष्टीत शत्रू नाही, पण मी नोकरीत असताना एकाच ठिकाणी इतके मृतदेह दुसरीकडे कुठेही पाहिले नाहीत.

सुरुवात मात्र माझ्या घरापासून करतो. २५ एप्रिल २०१५, शनिवार, पावणेबाराची वेळ. लखनौच्या विकास नगरमधल्या घरात मी पेपर वाचत बसलो होतो. छताचा पंखा गोल फिरता फिरता झोके घ्यायला लागला. नेपाळात ७.८ क्षमतेचा भूकंप झाला होता, हे नंतर कळलं. गल्लीतले सगळे लोक रस्त्यावर आले. शेजारच्या मिश्राजींनी विचारलं, "कर्नल साहब, और आएगा क्या?" मी उत्तर दिलं नाही. मी माझ्याच घराच्या वरच्या मजल्याकडे बघत होतो. का, ते शेवटी सांगतो.

आता मागे जाऊ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतली गावं उशिरा झोपली होती. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, गुबाळ, तळणी, पेठ सांगवी. भूकंपाची क्षमता ६.२ होती. जगाच्या मानाने हा काही महाभयंकर आकडा नव्हे. जपानमध्ये इतका धक्का बसला तर लोक सकाळी कामाला जातात. इथे सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसं गेली आणि ५२ गावं जमीनदोस्त झाली.

मी तेव्हा कॅप्टन होतो. आमची तुकडी दुसऱ्या दिवशी पोचली आणि पाठोपाठ पाऊस आला. गाव कुठे होतं ते ओळखायला देवळाचा किंवा एखाद्या बुरुजाचा आधार घ्यावा लागे. बाकी सगळा दगडमातीचा एकच ढीग. पावसाने ती माती चिखल झाली. मशीन लावावं तर खाली कुणी जिवंत असेल ही भीती, म्हणून पहिले दिवस कुदळ, फावडं आणि हात. सरणासाठी लाकूड कुठून आणायचं? पडलेल्या घरांचीच तुळया-खांब वापरले. ज्या लाकडांनी छप्पर तोललं होतं, त्यांवरच घरची माणसं जाळली. एक म्हातारे गृहस्थ सागवानी खांबावर हात फिरवत म्हणाले, "आज्ज्यानं बसवला होता, साहेब." मग त्यांनीच तो उचलायला खांदा दिला.

माणसं मेली कशाने? जमीन फाटून कुणी आत गेलं नाही. मारलं घरांनी. मराठवाड्यातलं जुनं घर तुम्ही पाहिलं असेल. दोन ते चार फूट रुंद भिंती, बाहेरून दगड, आतून दगड, मधे खडी-मातीची भर. दोन्ही पदर जोडणारा आरपार दगड बहुधा नसायचाच. जोडायला चुना नाही, नुसती माती. त्यावर माळवद. लाकडी फळ्यांवर फूट-दीड फूट पांढरी माती. पाऊस गळू नये म्हणून दर काही वर्षांनी आणखी थर. उन्हाळ्यात घर गार राही, चोराला भिंत फोडता येत नसे, आणि भिंत जितकी रुंद तितका घराण्याचा मान मोठा. आडवा हादरा बसला की अशी भिंत दोन्ही बाजूंना फुगते आणि पोटातून फुटते. वरची टनावारी माती खाली येते. झोपलेल्या माणसाला दगडाचा मार चुकला, तरी मातीने श्वास बंद होतो. आम्ही काढलेल्या कित्येक देहांवर ओरखडाही नव्हता.

गावाच्या कडेला कुडाच्या, छपराच्या झोपड्यांत राहणारे मात्र बरेचसे वाचले. एरवी पूर असो, दुष्काळ असो, साथ असो, पहिला घाव त्यांच्यावर. इथे उलटं झालं. ज्यांना माळवद परवडत नव्हतं, ते जगले. याचा अर्थ गरिबी सुरक्षित असते असा कुणी काढू नका. नंतरच्या पुनर्वसनात घराचा आकार जमिनीवर ठरला. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. जुनी उतरंड नव्या गावात आखीव रस्त्यांवर पुन्हा उभी राहिली.

इशारा नव्हता असंही नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीत धक्के जाणवत होते. १८ ऑक्टोबरचा ४.५ चा होता. लोक घाबरले, काही रात्री उघड्यावर झोपले. पण भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर खडक, असा समज. १९६७ साली कोयनेने त्याला धक्का दिला होता, पण ते खापर बरेच जण धरणावर फोडून मोकळे झाले. हादरे थांबले आणि लोक घरात परतले. त्यांना दोष कसा देणार? सुगी आली की माणूस किती दिवस अंगणात झोपेल? नकाशा २००२ साली बदलला. पहिलं क्षेत्रच काढून टाकलं.

पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा कार्यक्रम आला. कमी नुकसान झालेल्या गावांत जुन्या भिंतींना आरपार सांधे घालायचे, वर पट्टा बांधायचा, माळवदाची माती कमी करायची, असं तज्ज्ञांनी सांगितलं. बहुतेकांनी त्या पैशातून शेजारी एक नवी खोली बांधली. जुनं घर होतं तसंच राहिलं. अधिकारी वैतागले. मला नवल वाटलं नाही. दिसणारी खोली आणि न दिसणारा सांधा यांत माणूस खोली निवडतो.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण मीही तेच केलं. २००९ मध्ये विकास नगरच्या घरावर मजला चढवला. दारं-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना बांधणारा सळ्यांचा काँक्रीट पट्टा हवा, हे मला ठाऊक होतं. ठेकेदार म्हणाला, "साहब, लखनऊ में भूकंप कहाँ आता है?" खर्च वाचत होता. मी मान डोलावली. किल्लारीत हातांनी माती उपसलेला माणूस मी! लखनौ तिसऱ्या क्षेत्रात आहे. खाली गंगेच्या खोऱ्यातला गाळ आहे, तो हिमालयातला हादरा वाढवून पोचवतो. २०१५ च्या त्या शनिवारी मी वर बघत होतो, ते याचसाठी.

त्या वर्षी दिवाळीआधी तारेच्या जाळीचा आणि सिमेंटचा पट्टा बाहेरून चारी भिंतींना मारून घेतला. नव्या मजल्याला जेवढा बसला असता, त्याच्या तिप्पट खर्च आला. मिश्राजी रोज येऊन बघत उभे राहत. काम संपल्यावर त्यांनी मिस्त्रीचा फोन नंबर मागितला. त्यांच्या घराला अजून पट्टा नाही. वर एक खोली मात्र नवी झाली आहे.