गेमिंगसाठी संगणक घरीच जोडताना...

विशेष प्रतिनिधी

वार्षिक परीक्षा आटोपल्या, की अनेक घरांत नव्या संगणकाची मागणी पुढे येते. गेम खेळण्यासाठी संगणक हवा असेल, तर कंपनीचा तयार संगणक घ्यावा, की सुटे भाग आणून तो घरीच जोडावा, असाही प्रश्न उभा राहतो. जोडणीचे काम वाटते तितके अवघड नाही. एक स्टार स्क्रू ड्रायव्हर, मोकळे टेबल आणि निवांत दुपार एवढ्या भांडवलावर ते पार पडते. अवघड असते ती भागांची निवड. तयार संगणक बिघडला, तर संबंधित कंपनीकडे तक्रार करता येते. घरी जोडलेल्या संगणकाला अशी एकच कंपनी नसते. प्रत्येक भागाची वॉरंटी स्वतंत्र असते आणि नेमका कोणता भाग बिघडला, हे शोधण्याची जबाबदारी जोडणाऱ्यावर येते. म्हणूनच घरातील मोठी रक्कम खर्च करण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेणे हिताचे ठरते.

खुल्या रचनेचा वारसा

संगणक घरी जोडता येतो, याचे मूळ १९८१ मध्ये सापडते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. तो प्रामुख्याने अन्य उत्पादकांकडील उपलब्ध भागांपासून तयार केलेला होता आणि त्याची तांत्रिक माहितीही कंपनीने प्रसिद्ध केली होती. साहजिकच त्याला जुळणारे भाग बनविणे इतरांनाही शक्य झाले. पुढे १९९५ मध्ये इंटेलने 'एटीएक्स' हे मानक आणले. मदरबोर्डचा आकार, स्क्रूंच्या छिद्रांच्या जागा आणि वीजजोडणी यांना त्यातून निश्चित स्वरूप मिळाले. आजही एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये नेमका बसतो, तो या परंपरेमुळेच.

महाराष्ट्रातील शहरी घरांना 'असेंबल्ड' संगणक नवा नाही. १९९० च्या दशकात अनेक घरांत आलेला पहिला संगणक असाच होता. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, भाग निवडायचे आणि दुकानदाराकडून ते जोडून घ्यायचे, अशी पद्धत होती. आता जोडणीचे काम ग्राहक स्वतःच करू लागला आहे, इतकाच फरक.

आधी पडदा ठरवा

पहिल्यांदा संगणक जोडणारे बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. वास्तविक सुरुवात मॉनिटरपासून करायला हवी. '१०८०पी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल असतात. २५६० बाय १४४० च्या पडद्यावर ही संख्या सुमारे ३६ लाख ८६ हजारांवर जाते, तर 'फोर-के' पडद्यावर ती सुमारे ८२ लाख ९४ हजार, म्हणजे १०८०पीच्या चौपट होते. प्रत्येक दृश्यासाठी हे सारे पिक्सेल ग्राफिक्स कार्डला रंगवावे लागतात. पडदा मोठ्या रिझोल्यूशनचा आणि कार्ड दुबळे, अशी जोडी जमत नाही.

दुसरा मुद्दा वेगाचा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका दृश्यासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झवर अवघे ६.९. 'व्हॅलोरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक २' यांसारख्या स्पर्धात्मक खेळांत हा वेग महत्त्वाचा असतो आणि तो साधण्यासाठी प्रोसेसरही तेवढाच चपळ लागतो. उलट 'सायबरपंक २०७७'सारख्या कथाप्रधान, दृश्यसमृद्ध खेळांत बहुतेक भार ग्राफिक्स कार्डवर पडतो. घरात प्रामुख्याने कोणते खेळ खेळले जाणार, हे आधी ठरले, की अंदाजपत्रक आपोआप आकार घेते. सर्वसाधारणपणे मॉनिटर वगळता एकूण रकमेचा तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम ग्राफिक्स कार्डवर जाते.

कार्ड निवडताना त्याच्या स्वतंत्र मेमरीकडेही पाहावे. १०८०पीसाठी ८ जीबी अद्याप चालते; मात्र अलीकडच्या काही खेळांत सर्वोच्च दर्जाची दृश्ये निवडल्यास ती अपुरी पडते. मुख्य रॅम १६ जीबीपेक्षा कमी नसावी. साठवणुकीसाठी एक टीबीची 'एनव्हीएमई' एसएसडी सोयीची, कारण एकेक मोठा खेळ १०० जीबीहून अधिक जागा व्यापतो.

कोण कोणाशी जुळते?

प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचे सॉकेट एकच असावे लागते. एएमडीच्या २०१७ पासूनच्या रायझन प्रोसेसरसाठी 'एएम४' हे सॉकेट होते. २०२२ मध्ये रायझन ७००० मालिकेसोबत 'एएम५' आले. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीला 'एलजीए १७००', तर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेतील डेस्कटॉप प्रोसेसरला 'एलजीए १८५१' लागते. रॅमचेही तसेच. एएम४ वर डीडीआर४ चालते, एएम५ वर फक्त डीडीआर५. एलजीए १७०० मध्ये दोन्ही प्रकारचे मदरबोर्ड मिळतात, पण एका बोर्डवर साधारणतः एकच प्रकार बसतो. दोन्ही प्रकारांच्या रॅमवरील खाच वेगळ्या जागी असल्याने चुकीची रॅम बसतच नाही. ती जोर लावून बसविण्याचा प्रयत्न करू नये.

इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असेल, तर त्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्सची सोय नसते. असा प्रोसेसर स्वस्त पडतो. मात्र ग्राफिक्स कार्ड बिघडल्यास पडद्यावर काहीच दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे. तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही इंटेल प्रोसेसरना अतिरिक्त व्होल्टेजमुळे अस्थैर्याची समस्या भेडसावत असल्याचे २०२४ मध्ये स्पष्ट झाले. कंपनीने त्यावर सुधारणा दिली व वॉरंटीही वाढविली. या पिढ्यांचा प्रोसेसर घेतल्यास मदरबोर्डचा बायोस प्रथम अद्ययावत करणे अत्यावश्यक आहे.

कॅबिनेट घेताना दोन मापे तपासावीत: ग्राफिक्स कार्डची लांबी आणि प्रोसेसरच्या कूलरची उंची. पुढील बाजूस जाळी असलेले कॅबिनेट आपल्याकडील उन्हाळ्यात काचेच्या बंद दर्शनी भागापेक्षा अधिक उपयोगी पडते.

दुर्लक्षित एसएमपीएस

अंदाजपत्रक हाताबाहेर जाऊ लागले, की पहिली काटछाट होते ती एसएमपीएसवर. हीच काटछाट सर्वांत महागात पडू शकते. संगणकातील प्रत्येक भागाला वीज याच डब्यातून मिळते. त्यात योग्य संरक्षण नसेल, तर तो बिघडताना मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क यांनाही सोबत नेऊ शकतो.

किती वॅटचा एसएमपीएस घ्यावा, याचे गणित सोपे आहे. एनव्हीडियाच्या आरटीएक्स ४०६० ची निर्धारित वीज ११५ वॅट, तर ५०७० ची २५० वॅट आहे. त्यासाठी कंपनीने अनुक्रमे ५५० आणि ६५० वॅटच्या एसएमपीएसची शिफारस केली आहे. कार्ड क्षणभर निर्धारित मर्यादेहून अधिक वीज ओढते, म्हणून ही राखीव क्षमता ठेवलेली असते. खोक्यावरील '८० प्लस' हे चिन्ह कार्यक्षमता सांगते. ८० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस आतील भागांना ४०० वॅट देण्यासाठी भिंतीतून ५०० वॅट घेतो. मात्र हे चिन्ह म्हणजे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. शॉर्ट सर्किट, अतिरिक्त प्रवाह व अतिरिक्त व्होल्टेज यांपासूनचे संरक्षण आहे का आणि वॉरंटी किती वर्षांची आहे, हे वेगळे पाहावे.

घराचे अर्थिंगही इतकेच महत्त्वाचे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर बहुधा दोष अर्थिंगचा असतो. जुन्या इमारतींत इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्यावे. यूपीएस घेतल्यास त्याच्या 'व्हीए'ऐवजी वॅटचा आकडा पाहावा; ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो.

खरेदीतील सावधगिरी

संगणकाच्या भागांचे भाव स्थिर नसतात. २०२१ मध्ये चिपटंचाई आणि आभासी चलनाच्या 'मायनिंग'मुळे ग्राफिक्स कार्डे कमालीची महागली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलल्यावर त्या चलनाचे कार्डांवरील मायनिंग थांबले आणि वापरलेली कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने रॅमचे भाव भडकले. तेव्हा जुन्या किमतींवर विसंबून अंदाजपत्रक आखू नये.

प्रत्येक भागाचे जीएसटीसह पक्के बिल घ्यावे आणि त्यावर शक्यतो सीरियल क्रमांक नोंदवून घ्यावा. परदेशातून आणलेल्या भागाची वॉरंटी भारतात लागू असेलच असे नाही. ऑनलाइन मागविलेले पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवल्यास पुढील वाद टळतात. खोकी वॉरंटी संपेपर्यंत जपावीत.

जोडणीचा क्रम

१. कोरड्या लाकडी टेबलावर काम करावे. सतरंजी किंवा गालिचा टाळावा. अंगातील स्थिर वीज उतरविण्यासाठी मधूनमधून रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा. विदर्भ, मराठवाड्यातील कोरड्या हवेत ही काळजी अधिक घ्यावी.

२. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर बसवावा. कोपऱ्यातील त्रिकोणी खुणा जुळल्या, की तो अलगद बसतो. एएम५ आणि इंटेलमध्ये नाजूक पिना सॉकेटमध्ये असतात. त्या वाकल्यास वॉरंटी सहसा नाकारली जाते.

३. रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर चार खाचांच्या बोर्डवर बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत त्या बसवतात. बोर्डच्या पुस्तिकेत हे पाहून घ्यावे. 'खट्' असा आवाज येईपर्यंत पट्टी दाबावी.

४. एसएसडी तिरपी सरकवून खाली दाबावी आणि तिचा छोटा स्क्रू लावावा.

५. प्रोसेसरवर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट ठेवून कूलर बसवावा. नव्या कूलरच्या तळाला ती आधीच लावलेली असेल, तर वेगळी नको. तळाला पारदर्शक प्लॅस्टिक चिकटवलेले असल्यास ते आठवणीने काढावे.

६. कॅबिनेटमधील पितळी आधार मदरबोर्डच्या छिद्रांशी जुळतात का ते पाहावे. चुकीच्या जागचा एखादा आधार बोर्डला टेकला, तर शॉर्ट सर्किट होऊ शकते.

७. मदरबोर्डला २४ पिनांची आणि प्रोसेसरसाठी ८ पिनांची अशा दोन वायरी लावाव्यात. एका एसएमपीएसच्या सुट्या वायरी दुसऱ्याला कधीही वापरू नयेत. टोके सारखी दिसली, तरी आतील जोडणी वेगळी असू शकते.

८. ग्राफिक्स कार्ड सर्वांत वरच्या लांब खाचेत बसवून त्याची वीजजोडणी पूर्ण आत जाईल अशी दाबावी. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० सोबतच्या नव्या १६ पिनांच्या जोडण्या वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या. वायर अर्धवट बसणे, हे त्यामागील एक प्रमुख कारण असल्याचे आढळले.

पहिल्यांदा सुरू करताना

बटण दाबल्यावर पडदा काळाच राहिला, तर लगेच घाबरू नये. डीडीआर५ रॅमची पहिली तपासणी काही मिनिटे चालू शकते. तोवर वीज बंद करू नये. त्यानंतरही काही दिसले नाही, तर एसएमपीएसमागील खटका, ८ पिनांची वायर आणि रॅम याच क्रमाने तपासावे. मॉनिटरची केबल मदरबोर्डऐवजी ग्राफिक्स कार्डला जोडलेली हवी. अनेक मदरबोर्डवरील छोटे दिवे दोष प्रोसेसर, रॅम की ग्राफिक्समध्ये आहे, हे सांगतात.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने विंडोज ११ घ्यावे. त्यासाठी बायोसमध्ये 'टीपीएम २.०' सुरू असावे लागते. रॅम पूर्ण वेगाने चालण्यासाठी बायोसमधील 'एक्सएमपी' किंवा 'एक्स्पो' हा पर्याय निवडावा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणूनही तो ६० वरच चालत असल्याचे अनेकदा दिसते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो आकडा स्वतः बदलावा लागतो.

संगणक सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्यावर भरपूर खेळावे आणि तापमानावर लक्ष ठेवावे. सदोष भाग बहुधा याच काळात उघडे पडतात आणि तेव्हा ते बदलून मिळणेही सोपे असते. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी धूळ साफ करावी. पंखे हाताने धरूनच हवा मारावी. विजेचा हिशेबही घरात आधीच मांडलेला बरा. ४०० वॅट ओढणारा संगणक रोज तीन तास चालला, तर महिन्याला ३६ युनिट खर्च होतात. पक्की बिले, मदरबोर्डची पुस्तिका आणि उरलेल्या वायरी एकाच पिशवीत जपून ठेवाव्यात. तीन वर्षांनी ग्राफिक्स कार्ड बदलायची वेळ आली, तर बाकीचा संगणक तसाच ठेवून तेवढाच भाग बदलता येईल. घरी जोडलेल्या संगणकाचा हाच सर्वांत मोठा लाभ आहे.