जुनी जीप आणि तिचे कारागीर

इतिहास लिहावयाचा म्हणजे कागद पाहिजेत, असे शाळेत शिकवितात. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील पुस्तकांवर आणि गिरणीच्या फाटकावर झाले. त्यामुळे ज्याला कागद नाही अशा इतिहासाकडे आमचे लक्ष अधिक जाते. आज असाच एक इतिहास आपणांसमोर ठेवावयाचा आहे. जाम येथे घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये एक जुनी जीप उघडताना तो आम्हास वाचावयास मिळाला.

जाम हे समुद्रपूर तालुक्यातले नाक्याचे गाव. नागपूर-हैदराबाद हा मोठा रस्ता येथून जातो आणि चंद्रपूरचा रस्ता येथेच फुटतो. अशा ठिकाणी पाना धरणारा हात सहज मिळतो, म्हणून तर घरी हे काम काढण्याचे धाडस झाले. जीप १९६८ सालची, उंच बॉनेटची. एका सरकारी कचेरीच्या लिलावातून निघून चार मालकांकडे फिरलेली.

जीपचा जन्म युद्धातला. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन लष्कराने चारही चाकांना जोर देणाऱ्या हलक्या गाडीसाठी १३५ कारखान्यांकडे विचारणा केली. मुदत इतकी तुटपुंजी होती की, बँटम या छोट्या कारखान्यानेच पहिला नमुना वेळेत, २३ सप्टेंबरला, नेऊन उभा केला. पण मोठे काम मिळाले ते विलीज आणि फोर्ड यांना. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी सुमारे ६ लाख ४० हजार गाड्या काढल्या. फोर्डने आपल्या जीपच्या बोल्टांवरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर उठविले होते. याच फोर्डने १९४१ च्या एप्रिलमधील संपापर्यंत कामगार संघटनेला दारात उभे केले नव्हते; पहिला करार त्या वर्षीच्या जूनमध्ये झाला. बोल्टावर मालकाचे अक्षर आले, तो आवळणाऱ्याचे नाव मात्र कोठेच आले नाही.

आपल्याकडे जीप जुळविण्याचे काम स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत माझगाव येथे सुरू झाले. ते करणारी कंपनी १९४५ साली महिंद्र अँड महंमद या नावाने निघाली होती. भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तेथले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. त्याच १९४८ सालचे जीप प्रकरण वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकले असेल. लष्करासाठी दुरुस्त केलेल्या २००० जुन्या जीपांचा करार लंडनमधील आपल्या हायकमिशनमार्फत झाला. आल्या त्या १५५, आणि त्याही कामाच्या नाहीत असे आढळले. दुरुस्ती कागदावर झाली होती, गाडीत झालेली नव्हती.

पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली आणि विकास गटाच्या अधिकाऱ्याबरोबर जीप खेड्यात पोचली. आपल्या वर्धा जिल्ह्याची जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात पांदण रस्त्यात बैलगाडी रुतते, मग मोटारीची काय कथा? साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. ती चिखलात फिरू लागली की गाडी जागच्या जागी खड्डा करते. जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे दुसरी एक पेटी असते. तिच्यातून एक दांडा मागच्या आसाकडे आणि एक पुढच्या आसाकडे जातो. लहान दांडी ओढली की पुढची चाकेही ओढू लागतात. एवढीशी ही युक्ती, पण तिच्यामुळे पावसाळ्यातही चाक गावापर्यंत गेले.

आम्ही जीप उघडली तेव्हा पुढचा दांडाच जागेवर नव्हता. झीज आणि तेल वाचावे म्हणून कोणीतरी तो काढून टाकला होता. चेसिसवर तीन ठिकाणी वेल्डिंगचे टाके होते. आणि बॉनेटखाली मूळचे पेट्रोल इंजिन नव्हते. हे बॉनेट उंच केले होते ते त्याच इंजिनासाठी. त्याच्या आत घेणाऱ्या झडपा डोक्यात बसविल्यामुळे त्याची उंची वाढली होती. त्या जागी ट्रॅक्टरच्या घराण्यातले एक डिझेल इंजिन लेथवर घडविलेल्या पट्ट्यांवर बसले होते.

त्याचे कारण शोधावयास दूर जाण्याची गरज नाही. १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोलची जीप चालविणे परवडेना. कंपनीनेच सत्तरच्या दशकात बी-२७५ या ट्रॅक्टरच्या इंजिनावर बेतलेले डिझेल इंजिन जीपला दिले. जे कारखान्यात झाले तेच नाक्यानाक्यावरच्या मिस्त्रींनी जुन्या गाड्यांत केले. कारखान्याने केले तेव्हा आपण त्यास सुधारणा म्हणालो. मिस्त्रीने केले तेव्हा जुगाड म्हणालो.

आमचाही विचार तोच होता. पेट्रोल इंजिन शोधावे, जीप मूळ रूपात आणावी, असे आम्ही ठरविले होते. मदतीला आलेले वृद्ध मिस्त्री पट्टीवरून हात फिरवीत म्हणाले, “भाऊ, काढा म्हणाल तर काढतो. पण हे काम माझ्या उस्तादाच्या हातचं आहे. त्यांचं दुसरं काही राहिलं नाही आता.”

आम्ही पाना खाली ठेवला. तीस वर्षे आमचे भांडण कशासाठी होते? कामगाराचे नाव हजेरीपटावर यावे यासाठी. गिरणी बंद पडली तरी हजेरीपटावरून माणसाचा हक्क सांगता येतो. रस्त्याकडेच्या गॅरेजात हजेरीपट नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, नेमणुकीचा कागद नाही. त्या उस्तादाच्या चाळीस वर्षांच्या नोकरीचा पुरावा म्हणजे ही लोखंडी पट्टी, आणि ‘मूळ रूप’ या गोंडस शब्दाखाली तीच आम्ही भंगारात टाकावयास निघालो होतो.

कायद्यानेही आमच्यासारखाच विचार केला आहे. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरील वाहनांना ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. पण चेसिस, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा आणि गाडी रोजच्या कामास वापरू नये, अशा अटी घातल्या. आमची जीप वयाने त्यात बसते, इंजिनाने बसत नाही. म्हणजे जी गाडी झाकून ठेवली तिला मान, आणि जी माणसांच्या उपयोगी पडत राहिली, म्हणून जिच्यात बदल झाले, तिला नाही!

याला दुसरी बाजू आहे, ती लपवू नये. मूळ स्वरूपातील गाड्या जपल्या नाहीत तर त्या कशा होत्या हे पुढच्या पिढीस कळणार नाही. जुन्या डिझेलचा धूरही कोणाच्या छातीस हितकर नाही. इंजिन बदलले तर त्याची सरकारदरबारी नोंद झाली पाहिजे, हेही योग्यच. आमचे म्हणणे इतकेच की, दुरुस्ती हासुद्धा इतिहास आहे आणि तो करणारा माणूस त्या इतिहासाचा कर्ता आहे.

शेवटी इंजिन तेच ठेवले. बोअर करून घेतला, पंप तपासून घेतला, कमान-पाटे बदलले. पुढचा दांडा नागपूरच्या एका कबाड्याकडे सापडला. त्याचे क्रॉस नवे घातले. सात महिने लागले. पहिल्या मोठ्या पावसात मिस्त्रींनीच गाडी पांदणीत घातली, लहान दांडी ओढली आणि ती चिखलातून बाहेर आली. ते काही बोलले नाहीत. उतरून आधी त्यांनी पट्टीचे बोल्ट हाताने तपासले.

आम्ही आता आरसी बुकाबरोबर एक वही ठेवली आहे. कोणते काम, कोणत्या साली, कोणाच्या हातचे, हे त्यात लिहिले आहे. पहिले नाव त्या उस्तादाचे आहे. आपल्या दारात जुने वाहन असेल, शेतावर जुने इंजिन असेल, तर ते विकण्यापूर्वी अशी एक वही करा. दुरुस्त करणारा माणूस अजून हयात असेल तर आधी त्याच्याकडे जा.