शिशाचे शिपाई, प्लास्टिकचे तुर्क

टेबलावर मैदान मांडायचं, त्यावर बोटभर उंचीचे शिपाई आणि घोडेस्वार उभे करायचे आणि फासे टाकून लढाई खेळायची, असा नाद असलेली तरुण मंडळी आता आपल्याकडेही आहेत. त्यांच्यात एक वाद नेहमी रंगतो. रंगवून तयार मिळणारे शिपाई घ्यायचे तर धातूचे की प्लास्टिकचे? धातूचा शिपाई हाताला वजनदार लागतो, पण महाग. प्लास्टिकचा स्वस्त, पण त्याचा भाला वाकतो. मला या वादात ‘रंगवून तयार’ हे दोन शब्द जास्त महत्त्वाचे वाटतात.

मुसलमानाने पुतळ्यांवर कशाला लिहावं, असं कुणी विचारील. हजरत आयशा (र.) यांच्या बाहुल्यांमध्ये चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता आणि घोड्याला पंख कसे, यावर मिळालेलं उत्तर ऐकून प्रेषित (स.) खळखळून हसले, ही हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. माझ्यापुरतं तेवढं पुरेसं आहे.

जर्मनीत न्युरेंबर्गला अठराव्या शतकापासून कथलाचे चपटे शिपाई ओतले जात. नंतर भरीव शिशाचे आले. 1893 मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांनी नवी युक्ती काढली. साच्यात वितळलेला धातू ओतायचा आणि साच्याच्या भिंतीला पातळ साल धरली की उरलेला लगेच बाहेर काढायचा. शिपाई आतून पोकळ. धातू कमी लागला, वजन घटलं, किंमत उतरली आणि जर्मन माल मागे पडला. रंगकाम बायका करत, पुष्कळदा घरी बसून. एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात लढाईच्या खेळाचे नियम लिहिले ते असेच शिपाई आणि लाकडी गोळी मारणारी खेळण्यातली तोफ डोळ्यांसमोर ठेवून. पोकळ शिपाई पडला की मुंडकं तुटे. मुलं काडेपेटीतली काडी खुपसून ते पुन्हा बसवत.

या ब्रिटन कंपनीच्या लाल डब्यांत हिंदुस्थानही होता. पगडीधारी घोडेस्वार, बिकानेरचं उंटदळ, आपल्या मुंबई इलाख्याचे फर्स्ट बॉम्बे लान्सर्स. आणि दहावे बेंगॉल लान्सर्स, म्हणजेच हॉडसन्स हॉर्स.

हे नाव डब्यावर वाचताना मी थबकतो. सप्टेंबर 1857 मध्ये दिल्ली पडल्यावर विल्यम हॉडसनने हुमायूनच्या मकबऱ्यातून बहादूरशाह जफर यांना पकडलं. दुसऱ्या दिवशी मिर्झा मुघल, मिर्झा खिज्र सुलतान हे शहजादे आणि नातू मिर्झा अबू बक्र शरण आले. दिल्लीच्या वाटेवर हॉडसनने त्यांना गाडीतून उतरवलं, अंगावरचे कपडे काढायला लावले आणि स्वतःच्या हाताने गोळ्या घातल्या. जवळच्या कमानीला लोक आजही खूनी दरवाजा म्हणतात. चाळीसेक वर्षांनी इंग्रज मुलं त्याच्या नावाचं पथक गालिच्यावर दौडवत होती. पगडीखालचा चेहरा देशी, नाव हॉडसनचं. रंगवणाऱ्या बाईला यातलं काय ठाऊक असणार? तिला नगावर मजुरी होती.

फाळणीत आणखी एक गंमत झाली. फर्स्ट बॉम्बे लान्सर्सचा वारसा चालवणारी पलटण पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि हॉडसन्स हॉर्स भारतीय सैन्यात राहिली. ते नाव अजून चालू आहे.

शिसं मात्र गेलं. पोरं खेळणी तोंडात घालतात आणि शिसं विषारी, म्हणून कायदे कडक होत गेले. तोवर स्वस्त प्लास्टिकही आलं होतं. ब्रिटनने 1966 मध्ये शिशाचे शिपाई बंद केले. एअरफिक्सचे छोटे प्लास्टिकचे शिपाई 1959 पासूनच बाजारात होते, पण बिनरंगी. त्या मऊ प्लास्टिकवर रंग टिकत नसे, भाला वाकला की पापुद्रा निघे. 1970च्या दशकात ब्रिटनने तडजोड काढली: शिपाई रंगवलेला, प्लास्टिकचा, पायाखालची पट्टी धातूची, म्हणजे तो कलंडत नाही. या ‘डीटेल’ मालिकेत युरोपीय सरदारांसमोर कोण उभं केलं? तुर्क. फ्रेंच परदेशी पलटणीसमोर? अरब. धातू गेला, प्लास्टिक आलं, तरी समोरची बाजू आपलीच राहिली. माझ्या पिढीच्या मुसलमान मुलाने तो डबा विकत घेतला असता तर त्याने कोणाच्या बाजूने फासे टाकले असते?

2000 मध्ये ‘मेज नाइट’ आणि 2003 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे प्लास्टिकचे रंगीत पुतळे आले. रंगकाम चीनच्या कारखान्यांत, विक्री बंद पाकिटांत, आत कोण आहे ते फोडल्यावरच कळणार. हाताने रंगवायला वेळ नसलेल्यांची मोठी सोय झाली, हे मान्य करायलाच हवं. धातूचे पुतळे तोवर शिशाऐवजी कथलाच्या मिश्रधातूत ओतले जाऊ लागले होते.

मला विचाराल तर लहान मुलांसाठी प्लास्टिकच. वाकलेला भाला गरम पाण्यात बुडवून सरळ करता येतो, लगेच थंड पाण्यात धरला की तसाच राहतो. मोठ्यांनी नवा, शिसं नसलेला धातू घ्यावा. त्यावरचा रंग द्रावणात भिजवून पूर्ण उतरतो, पुतळ्याला ओरखडा येत नाही आणि आपल्याला हव्या त्या रंगाने, हव्या त्या बाजूचा शिपाई करता येतो. मऊ प्लास्टिक त्या द्रावणात कधी कधी चिकट होऊन बसतं. जुना शिशाचा डबा हाती लागलाच तर हाताळून झाल्यावर हात धुवा आणि विकायचा असेल तर ब्रश लावू नका. संग्राहक मूळ रंगाला पैसे मोजतात. हॉडसनचे स्वार पुन्हा रंगवले की त्यांची किंमत पडते.