खटका कुठे बसवायचा? प्रतिकृती स्पोर्ट्स कारमधला हॉर्न, दिवे आणि वळणाचा इशारा

आज आपण एका लहानशा खटक्याबद्दल बोलणार आहोत. जुन्या स्पोर्ट्स कारची प्रतिकृती करणारी हौशी मंडळी बॉडीची वळणं, तारांची चाकं, लाकडी स्टिअरिंग, सगळं हुबेहूब उतरवतात. अडतं कुठे? वळणाचा इशारा देणारा खटका कुठे बसवायचा, इथे.

आधी मूळ गाड्या पाहू. 1952 साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात हीली हंड्रेड लोकांसमोर आली, तीच पुढे ऑस्टिन-हीली झाली. पाठोपाठ 1953 मध्ये ट्रायम्फची टीआर टू. या गाड्यांत हॉर्नचं बटण स्टिअरिंगच्या मधोमध आणि इशाऱ्याची छोटी दांडी त्याच्या कडेलाच. गंमत अशी की चाक फिरलं तरी हा मधला भाग फिरत नसे. स्टिअरिंगच्या पोकळ दांड्यातून एक स्थिर नळी वर यायची आणि तिच्यातून वायरी. हेडलाइट डॅशबोर्डवरचं बटण ओढून लागत. समोरून गाडी आली की झोत खाली करायचा तो पायाने, खालच्या बटणावर दाब देऊन. म्हणजे बघा, तळहात, बोट, पाय, प्रत्येकाला आपापलं काम.

पुढे ही कामं स्टिअरिंगमागच्या दांड्यांवर आली. वळण पूर्ण होऊन चाक सरळ झालं की इशारा आपोआप बंद होई. ब्रिटनमधल्या कितीतरी किट कार फोर्ड सिएराचे भाग काढून बांधल्या गेल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर सिएराच्या प्लॅस्टिकच्या दांड्याही आल्या. साठच्या दशकातल्या कोब्राच्या रुपड्यात घरगुती गाडीच्या दांड्या! डोळ्याला खुपणारच. मग कुणी त्या काढून डॅशबोर्डवर साधा खटका बसवतो. लोटस सेव्हनचा वारसा 1973 पासून चालवणाऱ्या केटरहॅमनेही वर्षानुवर्षं डॅशबोर्डवरचाच खटका ठेवला.

दिसायला छान. पण साधा खटका आपोआप मागे येत नाही. गाडी वळली, सरळ लागली, दिवा मात्र लुकलुकतोच आहे. उघड्या गाडीत वाऱ्याच्या नि इंजिनच्या आवाजात त्याची टिकटिक कुठली ऐकू येणार?

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून या जागी थांबावंसं वाटतं. इशारा ही सजावट नव्हे, ते दुसऱ्याला दिलेलं वचन आहे. बंद करायचा राहिलेला इशारा म्हणजे नकळत बोललेलं खोटं. आणि त्यावर विश्वास ठेवून फाट्यावरून पुढे येणारा सायकलस्वार? त्याला 1952 सालाची हौस नव्हती. कुणी त्याला विचारलंही नव्हतं.

म्हणूनच ब्रिटनमध्ये अशा एकेकट्या बांधलेल्या गाड्यांची तपासणी होते. 2009 पासून तिला आयव्हीए म्हणतात. इशाऱ्याचा दिवा मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकला पाहिजे, तो चालू असल्याचं चालकाला कळलं पाहिजे, असे तिचे दंडक आहेत. मात्र वळण संपल्यावर तो बंद करण्याची आठवण कुठलाही तपासनीस आपल्या डोक्यात बसवू शकत नाही.

आमचं म्हणणं इतकंच. खटका जुना दिसू दे, पण आत ठरावीक वेळाने इशारा बंद करणारं छोटं सर्किट बसवा. मूळ गाडीशी तेवढी बेइमानी चालेल. रस्त्यावरच्या परक्या माणसाशी चालणार नाही.