औषधजन्य जबडा-अस्थिनाश आणि दंतरोपण

हाडांची झीज रोखणारी किंवा नव्या रक्तवाहिन्यांची वाढ थांबवणारी औषधे घेतलेल्या, पण जबड्याला किरणोपचार न झालेल्या रुग्णात जबड्याचे हाड आठ आठवड्यांहून अधिक काळ उघडे राहिले किंवा नाडीव्रणातून जाणवत राहिले, तर त्या विकाराला औषधजन्य जबडा-अस्थिनाश म्हणतात. २००३ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट मार्क्स यांनी पामिड्रोनेट व झोलेड्रोनेट ही बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे दिलेल्या ३६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली; तेव्हापासून तो ठळकपणे ओळखला जाऊ लागला. यात दात आणि हाड गमावलेल्या रुग्णाला नीट चावून खाता यायलाच हवे. मात्र जखम भरली म्हणजे हाड पूर्ववत झाले असे नव्हे. म्हणून इम्प्लांट, म्हणजे दंतरोपण, हा येथे अपवादानेच निवडायचा पर्याय ठरतो.

इम्प्लांटचा टायटॅनियम स्क्रू जबड्यात पक्का होतो, तो भोवतीचे जुने हाड झिजून नवे तयार होत राहिल्यामुळे. झीज रोखणारी औषधे नेमकी हीच प्रक्रिया मंदावतात. शिवाय इम्प्लांट हिरडीतून वर येत असल्याने जंतूंना हाडापर्यंतची वाट कायम राहते. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडूनही काही वर्षांनी त्याभोवतीचे हाड मृत झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. अर्थात धोका सर्वांना सारखा नसतो. झोलेड्रोनेट ऑस्टिओपोरोसिसमध्ये वर्षातून एकदा ५ मिग्रॅ., तर हाडात पसरलेल्या कर्करोगात दर तीन-चार आठवड्यांनी ४ मिग्रॅ. देतात. या दुसऱ्या गटात इम्प्लांट टाळणेच योग्य.

औषध थांबवले की प्रश्न मिटतो, हा आक्षेप टिकत नाही. बिस्फॉस्फोनेट हाडात वर्षानुवर्षे साठून राहते. डेनोसुमॅब या झीज रोखणाऱ्या दुसऱ्या औषधाचा प्रभाव सुमारे सहा महिन्यांत ओसरू लागतो, पण ते परस्पर बंद केल्यास मणक्यांचे अस्थिभंग होऊ शकतात. अधिक जोरकस आक्षेप असा, की इम्प्लांटऐवजी बसवलेली कवळी घासूनही हाड उघडे पडते आणि बऱ्या झालेल्या काही रुग्णांत इम्प्लांट टिकलेही आहेत. दोन्ही खरे आहे. पण कवळी घासून बेताची करता येते, तिला मऊ अस्तर लावता येते, ती काढून ठेवता येते. इम्प्लांट काढायचा तर पुन्हा हाडालाच जखम होते. यशाचे अहवालही थोड्या, निवडक रुग्णांचे आहेत. म्हणून ऑस्टिओपोरोसिसचा रुग्ण, पूर्ण भरलेली जखम, स्कॅनमध्ये मृत हाडाचा अवशेष नसणे, तोंडाची उत्तम स्वच्छता आणि विकार उलटण्याचा धोका समजून दिलेली संमती, एवढे सारे जुळले तरच इम्प्लांटचा विचार करावा, आणि त्यानंतरची नियमित तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी.