गालिच्यावरील डाग आणि सारवलेली भुई

इतिहासकाराची दृष्टी सिंहासनाकडे सहज जाते, सिंहासनाखालच्या गालिच्याकडे ती क्वचितच वळते; आणि त्या गालिच्यावर राजवाड्यातील कुत्र्यामांजरांनी जो अपराध केला असेल तो कोणी, कशाने व किती वेळ खपून काढला, ह्याची तर बखरकारांनी दखलच घेतलेली नाही. आम्हांसही हा विषय एरवी सुचला नसता. परंतु मुरबाड तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घरी गेल्या पावसाळ्यात एक लहानसा अनर्थ घडला, आणि इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनात पंचवीस वर्षे घालविलेल्या आम्हांस गुडघे टेकून लोकरीचा वास घेत बसावे लागले.

झाले ते असे. घराची जुनी जमीन काढून आम्ही तेथे गुळगुळीत फरशी बसविली होती, आणि फरशी पायांस गार लागते म्हणून तीवर एक लोकरी गालिचा अंथरला होता. आमच्या कन्येने शहापूरहून कुत्र्याचे एक पिल्लू आणले. त्या प्राण्याने साऱ्या घरात गालिच्याचा एकच कोपरा पसंत केला, आणि एकदा केलेली निवड तो बदलीना. आम्ही प्रथम कढत पाणी व साबण वापरला, मग अत्तर शिंपडले, मग मुंबईहून एक बाटली मागविली. ऊन पडले की वास जाई. आभाळ भरून आले की तो परत येई. घरी पूर्वीपासून कामास येणाऱ्या एका वृद्ध कातकरी बाई हा खटाटोप दारातून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “मास्तर, भुई असती तर सारवली असती. याला कुठं सारवू?”

ह्या प्रश्नाने आमचा पिच्छा पुरविला. शहापूर आणि मुरबाड ह्या दोन तालुक्यांत कुणबी, ठाकूर, कातकरी आदींची जी घरे पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली त्यांत कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप आणि खाली चोपून घट्ट केलेली भुई असे. पुष्कळ घरांत गुरे त्याच छपराखाली बांधीत. शेळ्याकोंबड्यांस तर कोणी बाहेर काढण्याचा प्रश्नच नसे. म्हणजे जनावराच्या मूत्राशी ह्या लोकांचा संबंध आमच्यापेक्षा कितीतरी अधिक होता. तरी त्यांच्या भाषेत भुईवरील ‘डाग’ हा शब्द आम्ही कधी ऐकला नाही. भुई ते पिऊन टाकते. मातीतील चिकण अंश अमोनिया धरून ठेवतो, मातीतले सूक्ष्म जंतू त्याचे नत्रयुक्त क्षारांत रूपांतर करतात, आणि चार दिवसांनी शेणकाल्याचा नवा हात फिरला की जमीन पुन्हा कोरी होते. जी वस्तू वरचेवर नवी करता येते तिला डागाचे भय कसले?

इतकेच नव्हे, तर ह्या मुरलेल्या मातीस जगाच्या इतिहासात मोल होते. बंदुकीच्या दारूस लागणारा सोरा अशाच मातीतून निघे. बिहारात नुनिया जातीचे लोक गोठ्यांच्या व घरांच्या आसपासची माती धुऊन, ते पाणी आटवून सोरा काढीत, आणि युरोपातील व्यापारी कंपन्या तो गलबते भरभरून नेत. इंग्लंडात पहिल्या चार्ल्सने १६२६ साली प्रजेने आपले व आपल्या जनावरांचे मूत्र साठवून ठेवावे असा जाहीरनामा काढला होता; तेथील सोरेवाले सरकारी परवान्याच्या बळावर लोकांचे तबेलेच काय, राहती घरेही खणीत, आणि त्यांच्याविरुद्ध तक्रारींचा पाऊस पडे. पुढे आपल्याच देशात, इंदूर येथे, आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी खताची जी पद्धती बसविली व १९३१ साली ग्रंथरूपाने मांडली, तीत गोठ्यातील मूत्र मुरलेली माती हा एक आवश्यक घटक होता. त्यासाठी गोठ्याची जमीन फरसबंद न ठेवता मातीचीच ठेवावी आणि ती ठरावीक काळाने उकरून घ्यावी, असे त्यांचे सांगणे होते. हे वाचले तेव्हा आपल्या नव्या फरशीकडे पाहून आम्ही थोडे वरमलो.

मात्र सारवलेल्या भुईचे गोडवे गाणाऱ्यांत आम्हांस सामील व्हावयाचे नाही. समृद्धी महामार्ग झाल्यापासून ह्या भागात सुट्टीपुरती घरे बांधणारे शहरवासी वाढले आहेत, व त्यांतील काही जण हौसेने एखादी खोली सारवून घेतात. ‘सारवून घेतात’ हे क्रियापद वाचकांनी नीट पाहावे. ओणवे होऊन एका हाताने अर्धवर्तुळे काढीत मागे मागे सरकणे हे काम कोणाच्या कंबरेने केले ते त्या सुंदर जमिनीवर कोठेही लिहिलेले नसते. पावसाळ्यात ती ओल धरते, पिसवाही धरते. तिचा गुण एकच, पण मोठा: ती एका बादलीत शुद्ध होते.

आता कोणी म्हणेल की, ह्या मुलखास लोकरीचा परिचय नव्हता म्हणून ही अडचण आली नाही. तसे नाही. मुरबाड तालुक्यात म्हसे येथे पौष पौर्णिमेस म्हसोबाची यात्रा भरते. तेथला बैलबाजार प्रसिद्ध आहे, आणि त्याच्या जोडीने प्रसिद्ध आहे तो घोंगड्यांचा बाजार. बैल आणि घोंगडी एकाच यात्रेत विकत मिळावी हा आमच्या विषयास केवढा अनुकूल योग! घोंगडी पावसात डोक्यावर, रात्री अंगाखाली आणि प्रसंगी आजारी वासरावर. तिला मूत्राचा संसर्ग व्हावयाचाच. पण तिला कोणी कढत पाणी घालीत नाही. सनगर आणि धनगर विणकर तिच्या ताण्यास चिंचोक्याची खळ देतात, आणि लोकर उष्णतेने व तीव्र क्षाराने आटते, राठ होते. म्हणून गार पाणी, रिठ्याचा सौम्य फेस आणि कातळावरचे ऊन, एवढाच तिचा उपचार. आम्ही आमच्या गालिच्यावर नेमका ह्याच्या उलट प्रयोग केला होता.

लोकर आणि मूत्र ह्यांचे वैर मात्र पुरातन नाही. उलट एके काळी त्यांचे सख्य होते. मूत्र शिळे झाले म्हणजे त्यातील युरियाचा अमोनिया होतो, आणि अमोनिया तेलकटपणा सोडवितो. रोममधील धोबी हे जाणत. तेथे लोकरीची वस्त्रे अशा द्रवात तुडवून स्वच्छ करीत. इ. स. ६९ ते ७९ ह्या काळात राज्य करणाऱ्या वेस्पेशियन बादशहाने त्या मूत्रावर कर बसविला, आणि पुत्र टायटसने नाक मुरडताच कराचे नाणे त्याच्या नाकाशी धरून ह्यास वास येतो काय असे विचारले, ही गोष्ट स्युटोनियसने नमूद केली आहे. स्कॉटलंडातील स्त्रियाही नवी लोकरी कापडे घट्ट करण्यासाठी शिळे मूत्र वापरीत. आपल्याकडे गोमूत्र पावन व श्वानमूत्र अपवित्र असा भेद आहे. शिळेपणी दोहोंतूनही निघणारा अमोनिया एकच.

ह्या द्रव्याचा उलगडा होण्यास दीडशे वर्षे लागली. १७७६ साली शील ह्याने मूतखड्यातून यूरिक आम्ल ओळखले. १८२८ साली व्होलरने प्राणिदेहाच्या साहाय्यावाचून युरिया तयार करून रसायनशास्त्रज्ञांस थक्क केले. आणि १९२६ साली समनरने युरियाचे विघटन करणारे किण्वद्रव्य स्फटिकरूपात वेगळे काढले. त्याबद्दल त्यास १९४६ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हे द्रव्य त्याने कशातून काढले? आमच्या कुंपणावर चढणाऱ्या आबईच्याच जातीतील एका शेंगेच्या दाण्यांतून. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्यांचा आधार अशी किण्वद्रव्येच असतात. आमच्या बाटलीवर सर्व दोष यूरिक आम्लास दिला होता. त्यात अतिशयोक्ति आहे. बहुतेक कुत्र्यांच्या शरीरात त्या आम्लाचे पाण्यात अधिक विरघळणारे अ‍ॅलन्टॉइन बनते, डाल्मेशियन ही जात त्यास अपवाद. दमट हवेत वास परततो तो मुख्यतः गालिच्याच्या बुडाशी राहिलेले क्षार ओल ओढून घेतात व तेथील जंतूंस पुन्हा उद्योग मिळतो म्हणून.

तेव्हा आम्ही पुन्हा आरंभ केला. गालिचा उलटा केला. कोरड्या फडक्यांनी दाबून, न घासता, ओल टिपली. गार पाणी थोडे थोडे ओतून ते पुन्हा टिपले. मग पाणी मिसळलेला शिरका लावला, कारण आम्लाने अमोनियाचा क्षार बनतो व क्षारास तो दर्प नसतो. अखेर किण्वद्रव्य ओतून ते वाळू न देता रात्रभर ठेवले. क्लोरीनयुक्त पांढरी पूड घालण्याचा मोह एका शेजाऱ्याने घातला होता, पण मूत्रातील अमोनियाशी तिचा संयोग झाल्यास विषारी वायू निघतो. वास गेला. रंगास मात्र पिवळे कडे राहिले. आमच्या पहिल्या कढत पाण्याची ती सही होय.

ह्या सर्वांस चौदा बादल्या पाणी लागले. आम्ही ते मोजले, कारण बाई मोजीत होत्या. त्यांचे माहेर शहापूर तालुक्यातील एका पाड्यावर आहे. १८९२ साली त्या तालुक्यात तानसाचे धरण पुरे झाले, पुढे भातसाचे झाले, आणि मुंबईतील न्हाणीघरे, मोऱ्या व गालिचे त्या पाण्याने धुतले जाऊ लागले. त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर वैशाखात पाण्याच्या टँकरची वाट पाहतात. “आमच्याकडं एवढ्यात चार घरं भागतात,” असे त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पुढे पिल्लाने आपला नियम पुन्हा मोडला नाही, म्हणजे त्याच कोपऱ्यात तो पाळला. तेव्हा आम्ही तेवढा कोपरा कापून टाकला. बाईंनी तो मागून घेतला. शेळीखाली घालतील अशी आमची समजूत होती. परंतु त्यांनी त्याचे बारीक तुकडे करून काकडीच्या आळ्यात मातीखाली घातले. लोकरही नत्रयुक्तच, आणि यॉर्कशरातील शेतकरी लोकरीचा टाकाऊ चुरा खत म्हणून घालीत असत, हे आम्ही त्यांस सांगू लागलो. त्यांनी ते ऐकून घेतले आणि आळ्यास पाणी घालावयास आमच्याकडून तांब्या मागितला.