ठासणी अडकली तर?

आपल्या समाजात पलटणीतल्या पूर्वजांचा विषय निघाला की आपण हुद्दे सांगतो. अमक्याचे आजोबा जमादार होते, तमक्याचे पणजोबा सुभेदार-मेजर. सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटले आणि 1796 साली त्यांनी मुंबईत शाअर हारहमीम हे मशीद-देऊळ उभारले, हे तर आपण सर्वजण जाणतो. पण हे लोक रोज हातात धरत ती बंदूक कशी होती, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

ती ठासणीची बंदूक. कंपनी सरकारच्या शिपायाच्या बंदुकीची नळी 39 इंच लांब आणि आतून पाऊण इंच रुंद असे. शिपाई दातांनी कागदी काडतूस फोडी, चिमूटभर दारू रंजकासाठी कानाशी टाकी, उरलेली तोंडातून नळीत ओती, वर गोळी आणि कागद घाली. मग नळीखालच्या खाचेतून लोखंडी गज काढून सारे ठासून बसवी. हा गज म्हणजेच ठासणी. तरबेज शिपाई मिनिटाला तीन बार काढी. ठासणी गेली की त्याच्या हातात फक्त संगीन लावलेली काठी उरे.

ठासणी अडके ती दोन जागी. पावसाळ्यात दस्त्याचे लाकूड फुगे आणि गज खाचेतच घट्ट बसे. दुसरी जागा नळीच्या आत. दारू जळून काजळीचा थर धरे, त्यात साफ करताना जाड चिंधी गुंडाळलेला गज रुते. ओल्या नळीत गज तसाच राहिला तर गंज त्याला धरून ठेवी.

अशा वेळी घाबरट माणसाला एकच सुचते: बार काढावा, गज आपोआप उडेल. हीच सर्वांत मोठी चूक. गज आणि दारू यांच्यामध्ये पोकळी असली तर नळी फुटते. त्यात स्वतःची बोटे जातात आणि शेजारच्याचा डोळा.

म्हणून पहिला प्रश्न, बंदूक भरलेली आहे का? ती भरलेलीच आहे असे धरून चालायचे. तोंड माणसांपासून दूर ठेवायचे, घोड्यातली गारगोटी काढायची, रंजक झटकून टाकायचे. मग नळीत पाणी ओतून दारू भिजवायची. पाण्याने काजळीही सुटते. दारू निकामी झाली की तेल सोडून रात्रभर थांबायचे. सकाळी गज हलका पिळत सरळ ओढायचा, वाकवायचा नाही. तरी न निघाला तर त्याचे टोक शेगड्यात पकडून बंदूकच मागे ओढायची. शेवटचा उपाय म्हणजे नळीच्या बुडाचा स्क्रू उघडणे, पण ते काम पलटणीतल्या कारागिराचे.

पुढे एनफील्ड रायफल आली. तिची गोळी नळीत जवळजवळ घट्ट बसे. 1857 च्या धामधुमीत उन्हाने आणि काजळीने गोळ्या खाली उतरेनात, तेव्हा गोळीचा व्यास कमी करावा लागला. शेवटी मागून भरायच्या बंदुका आल्या आणि ठासणीचे काम संपले.

कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत. घाणा सोडून पलटणीत गेलेल्यांनाही तेलाचा उपयोग सुटला नाही, असे गमतीने म्हणता येईल.

आज आपली नातवंडे इथल्या सैन्यात जातात. त्यांची बंदूक निराळी, पण पहिला धडा तोच: बंदूक अडली तर आधी ती भरलेली आहे का ते पाहा. शब्बाथला घरी आली की त्यांना ठासणी म्हणजे काय ते सांगा. पणजोबांचा हुद्दा ती विसरतील, पण हे ऐकून त्यांना वाटेल की पणजोबाही आपल्यासारखेच शिपाई होते.